लातूरची खोली आणि हंगेरीची शाळा

७ जानेवारी, लातूर
लेकीचं, श्रेयाचं, हंगेरीला शिकायला जायचं जमत आलंय. लोह्याच्या जुन्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमनी अर्ज भरायला लावला तेव्हा वाटलं, कुठं काय होतंय. आता पोरांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या त्या संस्थेनं कळवलंय : ऑगस्टपासून वर्षभर तिथल्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे आपल्या ज्युनियर कॉलेजसारखंच. राहायचं तिथल्याच एका कुटुंबात. त्या कुटुंबाशी व्हिडिओ कॉल तेवढा बाकी. पण ते वर्ष म्हणजे तिची बारावी. डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा. ज्यासाठी मी लोह्याचं घर सोडून इथं खोली करून राहिले, तेच वर्ष. डोकं चालेना.

८ जाने.
यांना लोह्याला फोन केला. "डोस्कं फिरलंय का दोघींचं? डॉक्टर व्हायचं हाय का फिरायला जायचं?" श्रेयाने फोन हिसकावून घेतला. "पप्पा, आपल्या भिंतीवर ज्यांचा निळ्या कोटातला फोटो हाय, ते बी परदेशातच शिकले न्हाई का?"  तिकडून, "जेवलीस का?" एवढंच.

१३ जाने.
उद्या कॉल. शेजारच्या खोलीतल्या उदगीरच्या काकू, त्याही मुलासाठी इथं राहतात. म्हणाल्या, "पोरगी किती अभ्यासू हाय ते ठासून सांगा ताई. लाजू नका."

१४ जाने.
माती केली मी.
तिकडच्या त्या कुटुंबातल्या इलोनाबाईंनी श्रेयाला विचारलं, रविवारी काय करतेस, मैत्रिणी कोण. ती अडखळली आणि मीच पुढे सरकले. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत : मैत्रिणी नाहीत. टीव्ही नाही. फोन माझ्या कपाटात, कुलपात. रविवारी टेस्ट. लग्नाकार्याला नेत नाही, दिवाळीलाही घरी गेलो नाही. छाती फुगवून सांगितलं! इथं हे ऐकलं की बायका म्हणतात, नशीबवान आहात. इलोनाबाईंचं हसू मावळलं. श्रेयाकडं बघून हळूच विचारलं, "आर यू ओके?" ती येस म्हणाली आणि रडायलाच लागली.

१५ जाने.
बोलत नाही माझ्याशी. डबा तसाच परत. मलाही राग आलाय, तिचा आणि त्या बाईचा. कोंडून ठेवलंय का मी तिला? लोह्यात माझं शिलाईचं मशीन धूळ खात पडलंय, ते कोणासाठी?

१८ जाने.
संस्थेचा मेल आला. निर्णय थांबवलाय. परत एक कॉल, फक्त श्रेयाशी. पालकांनी खोलीत थांबू नये, असं स्पष्ट लिहिलंय. कानशिलं तापली वाचून. हे म्हणाले, "नगं लागू त्यांच्या नादी. झालं तेवढं बस." आणि मीच म्हणाले, होऊ द्या कॉल. का म्हणाले कोण जाणे.

२१ जाने.
जिन्यात बसले होते. दार लावलेलं. आतून तिचं भरभर इंग्रजी, मला धड कळेना. मध्येच मोठ्यानं हसली. ही अशी हसते हेच विसरले होते. भीती वाटली. गेली तर या खोलीत माझं काय काम? आणि नाही गेली तर ते माझ्यामुळं.

दार उघडलं.
"काय विचारलं गं?"
"घरी खुश असतीस का, म्हणून."
"मग? काय सांगितलंस?"
"खरं ते सांगितलं, मम्मी."
पाणी प्यायली, फिजिक्सचं पुस्तक उघडून बसली. खरं म्हणजे काय, ते विचारायला जीभ रेटेना.