गोठ्यामागचे पांढरे कांदे

आबा, उद्या सकाळी शिवारफेरी आहे. कांदा-बियाण्याच्या लागवडीआधी आपल्या बांधाला लागून असलेली पाचही घरं पुन्हा एकत्र निघणार आहेत, आणि पाचवं घर चाचांचं आहे. चाचांचं नाव ऐकून तुम्ही ताटावरून उठला असता, म्हणून ते आधीच सांगून टाकलं. आता बसा आणि ऐका.

दादा पुण्याला नोकरीत रमला, तुमच्या मागं रान मीच करते. दीड-दोन एकरवाल्याला बियाण्याची कंपनी एकट्याला दारात उभं करत न्हाई. त्यांना सलग पट्टा लागतो, चारी बाजूंनी एकाच जातीचा कांदा. हे मी तुम्हाला काय सांगावं, पाच घरं पहिल्यांदा तुम्हीच गोळा केल्ती. फेरीत तुम्ही चाचांच्या रानात फिरायचात, चाचा आपल्या, आणि शेवटी चहा चाचींच्या ओट्यावर. कुणाच्या रानात दुसऱ्या जातीचं एक रोप दिसलं तरी मालकाच्या समोर उपटायचं, राग धरायचा न्हाई, अशी रीत तुम्हीच पाडली होती. रानं तेवढी बघायचात. घरामागं, गोठ्यामागं कुणी बघत नव्हतं.

आठवतंय का आबा, मी चौथीत आहे. कांद्याला गोंडे आलेत, सगळं रान पांढरंफेक, आणि मी मोठी मदत करायच्या ऐटीत फवाऱ्याचा पंप पाठीला लावलाय. तुम्ही बांधावरून ओरडता, "पंप खाली ठेव. आधी माशी बघ." मंग मला गोंड्यांमधी उभं करता आणि म्हणता, ही माशी आहे म्हणून बी भरतं, ही मेली तर आपण नुसता भुस्सा झोडपायचा. मधमाशांनी मला चार ठिकाणी फोडलं, पण जागची हलले न्हाई. आजही बचत गटातल्या बायांना मी तेच शिकवते, फक्त उभं करत न्हाई.

त्याच साली चाचींनी चटणीसाठी पांढरे कांदे दिल्ते. त्यातल्या चार-पाचांना कोंब फुटले, ते मी गोठ्यामागं सांडपाण्यावर लावले. आपल्या रानासारखं माझंही एक रान असावं, एवढंच डोक्यात होतं. त्यांना गोंडे आले तेव्हा मला कोण आनंद झाला, आणि वाळल्यावर मी ते उकिरड्यात टाकून विसरून गेले. पुढच्या साली कंपनीचे साहेब आले. आपल्या बियाण्यातून लाल कांद्यात पांढरे निघाले होते. जवळपास कुणीतरी पांढरा कांदा फुलवलाय, म्हणाले, माशीनं पराग इकडं आणला. पाचही घरांचं काम त्या दिवशी गेलं. मला तिथंच कळलं की तो कुणीतरी मीच.

आणि तुम्ही बांधावर चाचांना सगळ्यांदेखत बोललात, "पांढरा कांदा खातंय कोण इथं? तुमचंच घर. तुम्हीच दगा दिला." चाचा तुमच्याकडं न बघता माझ्याकडं बघत होते. मी भाकरीचं गठुडं धरून उभी होते, कांदे मी लावले हे सांगितलं न्हाई. पुन्हा तुम्ही त्यांच्या ओट्यावर चढला न्हाईत. फेरी बंद पडली, जो तो आपापला माल घेऊन एकटाच वाटूरच्या नाक्यावर व्यापाऱ्याची वाट बघत बसायला लागला. तुमच्या मयतीला चाचा आल्ते. फाटकाच्या आत आले न्हाईत.

यंदा मी ठरवलं, पट्टा पुन्हा उभा करायचाच. तीन घरं झटक्यात तयार झाली. पण चाचांचं रान बराबर मधोमध, ते न्हाई तर पट्टाच न्हाई. गेल्या आठवड्यात गेले. चाचा आता काठी घेऊन चालतात. ओट्यावर बसवलं, पण म्हणाले, "तुझा बाप मला चोर ठरवून गेला, बेटी. आता चोराच्या रानाशी तुझं काय काम?"

मंग मी सांगितलं. गोठा, सांडपाणी, चाचींचे कांदे, सगळं. बोलताना मला रडू आलं आणि रडताना स्वतःचा राग आला, कारण रडायचा हक्क त्यांचा होता.

चाचा काठीनं ओट्याखालची माती उकरायला लागले. मंग म्हणाले, "मैं देख्या था ते गोंडे. साहेब यायच्या आधीच. मला वाटलं, आज न्हाई उद्या तू सांगशील. तुझ्या बापाचा हात लई जड, म्हणून मी गप राह्यलो."

आबा, माझ्या पाठीवर तुमचा हात पडू नये म्हणून त्या माणसानं एवढी वर्षं दगाबाजाचं नाव अंगावर वागवलं. मी घरी येऊन जेवले न्हाई.

ते पट्ट्यात यायला तयार झाले. त्यांची अट एकच, फेरी आपल्या गोठ्यामागून सुरू करायची. मी म्हणाले, बिलकुल. यापुढं प्रत्येक घराचं परसू, गोठा, मोरी, सगळं बघायचं, आणि पहिलं माझं. उद्या पाचही घरांसमोर तिथंच उभी राहून सांगणार आहे की चाचांनी दगा दिला न्हाई, कांदे मी लावले होते. लोक काय बोलायचं ते बोलोत. त्यानंतर चहा चाचींच्या ओट्यावर आहे, निरोप आलाय.

हा कागद कुठं पाठवायचा न्हाई. पण एक गोष्ट चाचांनाही सांगितली न्हाई, ती इथं लिहिते. तुम्ही आज असता, तर पट्टा गेला असता तरी चाललं असतं, पण मी अजूनही गप्पच बसले असते.