तोंड उघडायचं नाही

मंगळवार, ९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय इंजिनवाल्या,

तू बरा असशील आणि वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणतो आणि त्याचा उद्या काही उगवत नाही. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं आहे. ठकीचा पुढचा दात पडला. आरशासमोर उभी राहून त्या फटीतून शीळ घालायला बघते आणि आरसाभर थुंकी उडवते.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर ‘ॲलर्जी’ शब्द निघाला की तू पुढचं ऐकत नाहीस. मागच्या वेळी फोन कट झाला तो रेंज गेली म्हणून नव्हे, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. पत्र फाडायचं तर आधी निदान उघडावं तरी लागतं.

मी काल ठकीला पेनिसिलीनच्या ॲलर्जीच्या तपासणीला घेऊन गेले.

चिडू नकोस, पुढे वाच. तिला न्यूमोनिया झाला तेव्हा तू समुद्रावर होतास. पेनिसिलीन चालत नाही म्हणून दुसरं औषध दिलं, ते लागू पडलं नाही, मग तिसरं, शिरेतून. शीर सापडेना. सुया टोचून दोन्ही हात काळेनिळे झाले. ताप उतरला, पण डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पुढच्या वेळी आपल्याकडे काय उरणार आहे, याचा विचार करा.” तेव्हापासून माझा जीव टांगणीला आहे.

दोन वर्षांची असताना पेनिसिलीनच्या त्या गुलाबी औषधानंतर तिच्या अंगभर लाल चट्टे उठले, डोळे सुजून मिटले आणि तू तिला घेऊन अनवाणी पळालास, ते मी विसरलेले नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, कबूल. पण या बाई म्हणतात, लहान मुलांना नुसत्या तापानंही असे चट्टे येतात आणि दोष औषधावर जातो. ‘चालत नाही’ असा शिक्का बसलेल्या बहुतेक मुलांना ते खुशाल चालतं. आपलीला चालतं की नाही, हे कोणी पाहिलंच नाही.

खोली छोटी होती. एक खाट, भिंतीवर बदकं, आणि ट्रेमध्ये गरज पडलीच तर द्यायचं इंजेक्शन. सिस्टरनी बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोडंसं औषध घेतलं. आधी एवढंसंच द्यायचं, थांबायचं, काही झालं नाही तर उरलेलं, आणि मग संध्याकाळपर्यंत तिथंच त्यांच्या नजरेखाली बसायचं. ठकीनं विचारलं, “हे पेनिसिलीन आहे?” सिस्टर खरं बोलल्या.

तुझी शिकवण तुला आठवतच असेल. कोणी नाव विचारलं की आधी नाव आणि लगेच ‘मला पेनिसिलीन चालत नाही’. शाळेत, वाढदिवसांना, लिफ्टमधल्या अनोळखी आजोबांनासुद्धा. आपण हसायचो. काल ती सिस्टरना म्हणाली, “बाबांनी सांगितलंय, कोणीही दिलं तरी तोंड उघडायचं नाही. आईनं दिलं तरी.”

आईनं दिलं तरी. हे तू कधी जोडलंस रे? मला पत्ताच नाही.

बाईंनी समजावलं. सिस्टरनी बाहुलीला पाजून दाखवलं. “बाहुलीला पोट नसतं,” ठकी म्हणाली आणि पुन्हा ओठ मिटून बसली. एरवी मी हसले असते. काल मला त्या मिटलेल्या ओठांवर फक्त तुझा हट्ट दिसत होता.

आता जे लिहायचं आहे ते मी मघापासून नळाच्या आणि दाताच्या मागे लपवतेय. मी सिस्टरच्या हातातून सिरिंज घेतली आणि ठकीचा जबडा धरला. जोरात, बोटं गालात रुतवून. ती ओरडली नाही, कारण ओरडायला तोंड उघडावं लागतं. नाकानं श्वास घेत नुसती माझ्याकडे बघत राहिली. सिस्टरनी माझा हात काढला. “असं नाही देत आम्ही. रडून लाल झाली, तर औषधानं आलेलं लाल कुठलं हे आम्हाला कसं कळणार?” तपासणी रद्द झाली. तिच्या गालावर माझ्या बोटांचे वळ होते. बाईंनी ते पाहिले आणि नवी तारीख लिहून दिली. मला फार लाज वाटली.

कालपासून ती माझ्या हातचं काही घेत नाही. जेवण आजीकडून घेते. मी दिलेला पेला तसाच ठेवते, दुसरा घेऊन स्वतः पाणी ओतते, आधी आत डोकावते, वास घेते आणि मग पिते. पोटची पोर मला घाबरते, आणि मला तिच्यावर रागावताही येत नाही.

सकाळी विचारलं, “पुन्हा जायचं का?” म्हणाली, “बाबांनी लिहून दिलं तर.” फोनवर सांगितलेलं तिला चालणार नाही, फोनवर आवाज कोणीही काढू शकतं म्हणते. तुझीच शिष्या. तुझं अक्षर मात्र ती ओळखते.

नवी तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तू हो म्हणावंस असं मला फार वाटतं. पुढचं आजारपण तुझ्या परवानगीसाठी थांबणार नाही. त्यावर माझ्याशी भांड, पानंच्या पानं भांड, मी उत्तर देईन. पण ते वेगळ्या कागदावर. तिच्या कागदावर औषधाचं आधी काही लिहू नकोस. एकच ओळ लिही, मोठ्या अक्षरात: आईच्या हातचं पाणी घे.

तुझी बायको,
आणि त्या ओळीसाठी थांबलेली
ठकीची आई