पळसाला पालवी फुटेपर्यंत

माघ वद्य ५, शके १७८६

कमलाकांत भावोजींनी घराचा सौदा केला! मला न विचारता. कोणाजवळ रडायची सवय नाही, म्हणून लिहायला बसले. बाबांनी पुण्यास पाठशाळेत पडद्याआड बसवून शिकवलं, ते असं कामी आलं.

घेणारा अमरावतीचा कापसाचा व्यापारी. बडनेऱ्यास आगगाडी येणार, आणि तिकडे जाणारी वाट आमच्या दारावरून जाते. घर पाडून त्याला कापूस रचायला आवार हवं. अक्षय तृतीया झाली की पहार लागेल.

"दादाचं घर दादा येईतो मीच सांभाळायचं ना, वहिनी?" सांभाळणं याला म्हणतात!

हे काशीस गेले त्याला येत्या चैत्रात बारा वर्षं होतील. निघताना म्हणाले होते, अवेळी आलो तर हाका मारायला लावू नकोस. तेव्हापासून दाराला आतून कडी नाही.

माघ वद्य ८

नत्थुजी पाटलांना बोलावलं. ओट्यावरच बसले. "बाई, हे घर गावाच्या आंधीचं हाय." त्यांच्या आज्याच्या वेळी दुष्काळ पडला. आमच्या अंगणातल्या पेवात पुरलेल्या ज्वारीवर सगळं गाव जगलं. मी विचारलं, मग यंदा ज्वारी किती पेरलीत? हसले. "कापूस सोडून जवारी कोन पेरते आता?"

हसू नका म्हटलं. कापूस उकडून खाता येत नाही. घर राहिलं तर गाव पेव भरेल, असं कबूल करून गेले.

पण सौदा मोडणार कोण? मालक काशीला!

फाल्गुन शुद्ध ३

बाबांनी शिकवलेलं धर्मशास्त्र आठवून पाहिलं. भाऊ विभक्त, पोटी मूल नाही — तर घर विधवेचं. भावोजींचं नव्हे.

विधवेचं.

बारा वर्षं माणूस परतला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग तो गेला असं धरतात. तसं केलं तरच घर माझं होईल, आणि मी ते गावाला देऊ शकेन.

आज कुंकू लावताना बोट थांबलं. मग लावलं. नेहमीपेक्षा मोठं.

फाल्गुन शुद्ध ७

दार वाजलं. धावत गेले. गाय होती.

फाल्गुन वद्य २

भावोजींना विधी हवाच आहे. घर त्यांना मिळेल अशी त्यांची समजूत. मी ती मोडली नाही.

गुरुजी म्हणाले, ओली पानंच लागतात. आणि शिवारात पळस नुसता लाल — फुलंच फुलं, पान एक नाही! परतताना मला हसू आलं. पान फुटेपर्यंत मी सवाष्ण.

चैत्र शुद्ध १, शके १७८७

गुढी उभारली. व्यापाऱ्याची माणसं आजच अंगण मापून गेली. सणाचीसुद्धा लाज नाही. माजघरातल्या सागवानी खांबावर एकानं कोळशानं खूण केली. तो आधी काढणार.

हे त्या खांबाला टेकून विडा लावायचे. चुन्याचं बोट तिथंच पुसायचे. किती रागवायचे मी! आता दर दिवाळीला घर धुते-सारवते, तेवढी जागा सोडून.

कोळसा पुसला. चुना ठेवला.

चैत्र वद्य १

रोज पळस पाहून येते. लवकर फुटावा म्हणून! काय मागते आहे मी?

चैत्र वद्य ६

पत्रावळी विकणारी मनकर्णा दारात उभी. "बाई, नाल्याकाठचा पळस फुटला. पानं कवळी हायेत, पन हायेत. तोडू?"

नको म्हणाले. ती गेली नाही. टोपली खाली ठेवून बसली.

"काहून थांबून राहिल्या, बाई? पंत येनार असते, तं..." तिचाही नवरा कापसाच्या गाड्यांबरोबर जातो. तीही वाट पाहणारीच.

मग म्हटलं, तोड. किती, विचारलं तिनं.

एका माणसाला पुरतील एवढी.

चैत्र वद्य ९

झालं. भावोजींनी घाईघाईनं अग्नी दिला. पानं ओली, धूर फार. माझं रडणं धुरावर गेलं.

बांगड्या, मंगळसूत्र मीच काढलं. केसांना हात लावू दिला नाही. गुरुजी रागावले. रागावोत.

वैशाख शुद्ध १

भावोजी सौदा पुरा करायला आले. मी शास्त्राचा आधार सांगितला. ओरडले. मग अमरावतीस जाऊन वकिलाला विचारून आले. त्यानंही तेच सांगितलं. "शास्त्रीणबाई" एवढं म्हणाले, जाताना.

वैशाख शुद्ध ३

कागद झाला. त्यात यांचं नाव मीच लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

नत्थुजी पाटलांच्या हाती दिलं ते असं: मोरोपंतांचं घर, ओट्यासह. अंगणातलं पेव. माजघराचा खांब, होता तसा. मागची खोली मरेतो माझी.

अट एकच घातली. दाराला आतून कडी लावायची नाही.

"वाटसरासाठी काय, बाई?"

हो म्हणाले.