भिंतीवरचे बगळे

वालीव, ११ मे १९९७

चि. सौ. शालन, तुला नि पोरांना आशीर्वाद.

मी बरा आहे. खोकला रंगाच्या वासाचा, बाकी काही नाही. आईंचे गुडघे कसे आहेत?

कारखान्यांच्या पाट्या सोडून परवा लग्नघर रंगवलं. खाडीकाठचे शेतकरी जयरामदादा, त्यांच्या मुलीचं लग्न. रस्त्याकडच्या भिंतीवर मी नेहमीचा मोर काढला, तर त्यांची म्हातारी आई कमळीआजी म्हणाली, "आमचे गावान मोर कवा आयला? बगलं काढ."

मग बगळे काढले, खाडी काढली. हळदीला त्यांच्याच बोलीतल्या गाण्यांची कॅसेट लागली आणि आजीसकट अख्खं घर त्या भिंतीसमोर नाचलं. काय तो रुबाब, शालन! स्वतःच्या बोलीची तिथं कुणाला लाज नाही. मी मात्र आपल्या गावाकडच्या बोलीला कुणी हसू नये म्हणून इथं जपून बोलतो.

शेवटी कोपऱ्यात 'राव आर्ट्स, वालीव' लिहिलं. आजी म्हणाली, "वालीव काय तुजा गाव हाय?"

मी वालीव पुसलं आणि आपल्या गावाचं, पिंपरीचं नाव घातलं. अक्षर जरा हललंय. पण ऑइलपेंट आहे, पावसानं जायचं नाही.

तुझा,
रावसाहेब