राहिलेली फेरी

मुलुंड, शनिवार, १३ डिसेंबर १९८६

पाच हजार मीटर पूर्ण केले म्हणून सगळे पाठ थोपटतायत. केले नाहीत. साडेबारा फेऱ्या असतात, मी साडेअकराच धावलो.

नडगीत सळई घातल्यानंतरची ही पहिली शर्यत. बाकीचे केव्हाच पोचले होते, मैदानावर मी एकटाच धावत होतो. माझ्या फेऱ्या मोजायला नेहमीसारखा शिऱ्या, शाळेपासूनचा दोस्त. साडेदहा झाल्या आणि त्याने शेवटच्या फेरीची घंटा वाजवायला लावली. एक फेरी आधीच. मला तेव्हाच कळलं होतं. मग पुढे धावत का नाही राहिलो? पाय खूश झाला, खरं ते हेच. टाळ्या तर अशा, की पहिला यायचो तेव्हाही कधी मिळाल्या नव्हत्या.

नंतर शिऱ्याला बाजूला घेतलं. म्हणाला, "जाऊ दे ना यार, किती लंगडत होतास! आता तुझ्या फेऱ्या कोण मोजतंय?"

प्रेमानेच म्हणाला. हाच माझ्या अर्ध्या सेकंदासाठी पंचांशी भांडायचा.

सगळे वडापाव खायला निघाले. टॉवेल विसरलो म्हणून मी मागे फिरलो. शिपाईकाका घंटा आत घेऊन गेले होते. रेषेवर उभा राहिलो, तोंडानेच "टण्" केलं आणि राहिलेली फेरी धावलो. लंगडत, पण पूर्ण.

आता झाले पाच हजार. पण सांगू कोणाला?