हळू वाजणारा बँड

बाबा, आमचा बँड फालतू होता. हे मी नाही म्हणत, बाजूच्या क्वार्टरमधला पोरगा म्हणते, जो आमच्याच बँडमध्ये ड्रम वाजवत होता. जवाहरनगरच्या जुन्या पोरापोरींचा आता फोनवर ग्रुप आहे. सगळे साठीकडे झुकलेले, कोणाचे गुडघे गेले, कोणाचे केस गेले, पण ग्रुपवर अजून पोरंच. मागच्या आठवड्यात कोणीतरी टूम काढली, की आपल्या जमान्यातले, ऐंशी सालानंतरचे इंग्रजी बँड, आवडते कोणते आणि विसरण्यासारखे कोणते ते लिहा. झालं, लागले सगळे. विलायतेचे, अमेरिकेचे, लांब केसवाले, रंगीत चष्मेवाले. आणि विसरण्यासारख्यांमध्ये या शहाण्यानं सगळ्यात वर लिहिलं, 'जनरल शिफ्ट, जवाहरनगर', म्हणजे आमचाच बँड. खाली हसून हसून रडणारे चेहरे. बाकीच्यांनीही हसून घेतलं. मी फोन पलंगावर फेकला. वाटलं त्याच्यावर रागावली. भाजी चिरता चिरता समजलं, नाही, त्याच्यावर नाही. राग तुमच्यावर आहे आणि तो तेव्हापासूनचा आहे.

तुमचा एकच शब्द होता, 'हळू'. आजही तुमची आठवण काढली तर चेहरा नंतर येते, तो शब्द आधी. तुम्ही नाइट करून येता, सायकल भिंतीले लावता, आंघोळ करता, पोहे खाता आणि मधल्या खोलीच्या खिडकीले चादर लावून झोपता. तिथून घराचा आवाज बंद. आई कुकर लावत नाही, कुकर शिट्टी मारते म्हणून गंजात भात शिजवते. नळाखालच्या बादलीत फडकं टाकून ठेवते, धार वाजू नये म्हणून. मी आणि दादा भांडतो तेही नुसते ओठ हलवून, आणि चिमटे काढतो तर 'आई गं' गिळून टाकतो. तरी आतून येतेच, 'हळू बे!' कधी मी चिडली तर आई स्वयंपाकघराच्या दारात ओढून नेते आणि कानाशी म्हणते, "झोप नाही झाली तं हात चुकते माय. अन् तिथं हात चुकून चालत नाही." फॅक्टरीत बारूद बनते हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालेही माहीत होतं. त्यामुळे पुढं बोलायची सोय नव्हती. तुमचं बरोबर होतं, बाबा, आणि मले खरा राग त्याचाच येते. चुकीच्या माणसाशी भांडता येते, बरोबर माणसाशी कसं भांडायचं?

आणि तुम्हाले मोठा आवाज खपत नव्हता असंही नाही. मोहाडीकडे आपल्या गावी तुम्ही धानाच्या रोवण्याले सुट्टी घेऊन जात होते, तेव्हा पाहावं. बांधीच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर अशी हाक मारत होते की तळ्याकाठचे बगळे उडून जात. बाया चिखलात वाकून धान रोवता रोवता गळा मोकळा करून गाणी म्हणत. तुम्ही धुऱ्यावर बसून हसत हसत ऐकत आणि वरून सांगत, "अजून मोठ्यानं म्हणा वं, पल्याडच्या गावाले ऐकू जाऊ द्या!" मी तिथंच उभी होती, चहाची किटली घेऊन. बायांनी मोठ्यानं आणि पोरीनं हळू, हा कुठला न्याय? तेव्हा विचारायची हिंमत नव्हती, आता विचारते तर उत्तर द्यायले तुम्ही नाही.

बँडचं खूळ आमच्या डोक्यात बाजूच्याच्या मामानं घातलं. तो नागपूरले राहत होता. येताना कॅसेटा आणे, सीताबर्डीवर कुठंतरी भरून घेतलेल्या, कव्हरवर निळ्या पेनानं नुसतं 'इंग्लिश मिक्स'. कोण गाते, कुठले, काही पत्ता नाही. मग आम्हीच त्यांची नावं ठेवली. एकांच्या बाजातून फॅक्टरीच्या भोंग्यासारखा आवाज निघे, ते भोंगेवाले. एकांचा गाणारा प्रत्येक गाण्यात रडकुंडीले आलेला, ते रडके. टिन बडवल्यासारखा ड्रम वाजवणारे टिनवाले. आणि कॅसेटच्या शेवटी जागा उरली म्हणून भरलेले दोन-तीन, ज्यांचं गाणं संपल्याबरोबर डोक्यातून जाई, ते उरलेले. आमचा जीव भोंगेवाल्यांवर. आता फोनसमोर गुणगुणलं की नाव-गाव सगळं निघते, आणि काय निघालं माहीत आहे का? आमचे लाडके भोंगेवाले जगात कोणाले माहीतच नाहीत. एक गाणं केलं आणि घरी बसले. ज्या रडक्यांची आम्ही टर उडवली ते निघाले जगात नावाजलेले. घ्या! ग्रुपवर सगळे त्या रडक्यांच्याच नावानं हात जोडून राहिले.

तालमीले घर आपलंच, मागची खोली. बाजूच्याच्या घरी माणसं फार, आणि त्याचे वडील तुमच्या उलट्या पाळीत, तुम्ही ड्यूटीवर तं ते भिंतीपल्याड झोपलेले. क्वार्टरच्या आपल्या लाइनमध्ये कोणाच्या ना कोणाच्या घरी दिवसा कोणीतरी झोपलेलंच राहे. मी म्हटलं, आम्ही मैदानावर बसतो. तुम्ही म्हणाले, "पोरीच्या जातीनं मैदानात बसून गाणं म्हणा लागते काय? घरात म्हण. हळू." मग काय! बाजूचा उशांवर ड्रम वाजवे, दोन उशा आणि गादीची वळकटी. खरा ड्रम फॅक्टरीच्या क्लबात कुलपात होता, तो कार्यक्रमाच्या दिवशीच मिळणार होता. दादानं गिटारच्या तारांखाली फडकं खोचलं, त्यामुळे तार नुसती टक् टक् करे. आणि मी गाणारी, मी ओठांत गात होती. भोंगेवाल्यांच्या त्या गाण्यात एक जागा होती. कडवं संपता संपता सूर एकदम वर चढते. ती जागा हळू म्हणताच येत नाही, ती छातीतून काढा लागते. मी दोन-तीनदा काढून पाहिली, आतून 'हळू!' आलं. मग मी ती जागा खाली वळवली. जिथं वर जायचं तिथं खाली उतरली. दादा म्हणाला, "चालते बे, कोणाले समजते!" आणि तेच आमचं गाणं झालं.

क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात आमचं नाव पुकारलं तेव्हा आतून मी खूश होती. आज तर कोणी हळू म्हणणार नाही. बाजूच्याले पहिल्यांदा खरा ड्रम मिळाला आणि त्यानं तो उशीसारखा थोपटला, लेकराले निजवतात तसा. दादा मान हलवून हलवून गिटार वाजवून राहिला, पण तारांखालचं फडकं काढायचं विसरून गेला. इतके दिवस ते तिथंच होतं, त्याले ते गिटारचंच वाटत होतं. आणि मी माइकसमोर उभी राहून ओठांतच गाऊन राहिली. माइकवाला बटणं फिरवून फिरवून थकला. मागून कोणी ओरडलं, "आवाज!" मग सगळेच, "आवाज! आवाज!" एक जण म्हणाला, "झोपले का बे?" आणि सारा हॉल हसला. मोठ्यानं वाजवा लागते हे आम्हाले माहीत होतं, बाबा. ते कसं करतात हे माहीत नव्हतं. ती वरची जागा आली. मागच्या रांगेत तुम्ही बसले होते, मांडीवर डबा, तिथून सरळ ड्यूटीवर जायचं म्हणून. मी तुमच्याकडे पाहिलं आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आले. आंघोळ झाली, पोहे झाले, मी दाराशी उभी राहून वाट पाहून राहिली. शेवटी आईनंच विचारलं, "पोरायचं गाणं कसं झालं मंग?" तुम्ही ताट सरकवलं आणि म्हणाले, "काय सांगू? काही ऐकायलेच नाही आलं बा." मग खिडकीले चादर लावता लावता, "आता हळू बोला जरा, झोपतो."

ऐकायलेच नाही आलं! अरे वा रे वा! वर्षभर तोंडावर हात ठेवायचा आणि मग म्हणायचं, ही बोलत काहून नाही? मी तुमचं ताट उचललं ते आपटायलेच उचललं होतं. मोरीपर्यंत नेलं आणि आवाज न करता ठेवून दिलं. हातालेच सवय, मी काय करू? बँड तिथंच संपला. दादा पुढं शिकायले निघून गेला, गिटार खुंटीवर लटकली, फडक्यासकट. मी मास्तरीण झाली. जन्मभर मुलांनी मले एकच सांगितलं, "मॅडम, मागं ऐकू येत नाही." मीटिंगमध्ये मी बोलायले उठली की शेजारची बाई म्हणे, थांबा, मी सांगते यांचं. सासरी सगळे माझं कौतुक करत, सून काय शांत आहे, काय समजदार आहे! शांत नव्हती हो मी. दाबलेली होती. तारांखाली फडकं होतं.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी लिहायले बसली. दादा शिकायले गेल्यानंतरची गोष्ट. तुमची सेकंड शिफ्ट होती, दुपारची वेळ. तुम्ही अंगणात सायकलमध्ये हवा भरून राहिले. मी आतून डबा घेऊन येते आणि दारातच थांबते. पंप खाली-वर, आणि त्याच्या तालावर तुम्ही गुणगुणून राहिले. भजन नाही, गावच्या दंडारीतलं गाणं नाही. भोंगेवाल्यांचं. शब्द नाहीत, नुसता सूर. कडवं संपत येते आणि तुम्ही खाली वळता. बरोबर तिथं, जिथं मी वळत होती. कॅसेटमध्ये तसं नाही. जगात कुठंच तसं नाही. तसं फक्त आपल्या मागच्या खोलीत होतं, आणि एकदा कानावर पडून ते कोणाच्या तोंडी बसत नाही. म्हणजे तुम्ही झोपत नव्हते! भिंतीच्या पल्याड डोळे मिटून पडले राहत होते आणि ऐकत होते. मग ऐकायले नाही आलं असं काहून म्हटलं? 'बरी म्हणते पोरगी', एवढंच म्हटलं असतं तर काय तुमचं धान करपत होतं? मले पाहून तुम्ही पंप ठेवला. डबा घेतला, हँडलले अडकवला, म्हणाले, "हवा कमी होती." आणि निघून गेले. मी पुढं कधी विषय काढला नाही, आणि मग तुम्हीच गेले. आता त्यालेही कितीतरी वर्षं झाली.

तर तो बाजूचा. मी ग्रुपवर दोन दिवस बोलली नाही म्हणून त्याचाच फोन आला. "गंमत केली वं, रागावली काय? हिवाळ्यात सगळे जमून राहिले, आपल्याले वाजवायचं आहे. दादा पुण्याहून येतो म्हणते. तू ये गायले." मी हो म्हणणारच होती, तर तो पुढं म्हणते, "पण यावेळी नीट म्हण. फोनवर ओरिजिनल ऐकून घे. तो वरचा सूर तू खाली नेत होती, मले तेव्हाच खटकत होतं."

"मग तेव्हा काहून नाही बोलला बे?"

"तेव्हा आपल्याकडे बोलत कोण होतं?"

यावर मले हसू यायले पाहिजे होतं, पण मी भांडली. म्हटलं, मी म्हणत होती तसंच म्हणणार, जमत असेल तर वाजव, नाही तर राहू दे. त्याले काय सांगू, की ती चूक तुमच्या तोंडी होती? ती सुधारली तर तुम्ही ऐकलं होतं याची एवढी एकच खूण आहे, तीही गेली. आणि नाही सुधारली तर मी पुन्हा मागच्या खोलीतच. असं करून ठेवलं तुम्ही माझं. कोणीकडूनही तुम्हीच.

काल इथं कारध्याले, माझ्या आताच्या घरात मी एकटीच होती. म्हटलं, म्हणून तर पाहू. मी दार लावलं, खिडकी लावली, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. मग माझ्याच हातांकडे पाहिलं आणि असा संताप आला, की कोण झोपलं आहे गं इथं? कोण? टॉवेल ओढून फेकला, दार सताड उघडलं आणि म्हटलं गाणं, अंगणाकडे तोंड करून. कडवं संपत आलं आणि मी वर गेली. आवाज फाटला, शेजारचं कुत्रं भुंकलं, समोरची बाई धुणं सोडून पाहायले लागली. पण गेली, बाबा. बाजूच्याशी भांडली खरी, पण स्टेजवर असंच वर जाऊन म्हणणार, मोठ्यानं, मागच्या रांगेले ऐकू जाईल असं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, ते मले माहीत आहे. घडी करून ठेवून देईन. राग गेला असंही समजू नका, तो आहे आणि राहणार. फक्त एक गोष्ट कोणाले सांगितली नाही ती तुम्हाले सांगते. आज सकाळी पोळ्या लाटता लाटता तेच गाणं तोंडात आलं, आणि त्या जागी सूर आपोआप खालीच वळला, तुम्ही वळवत होते तसा. मी त्याले अडवलं नाही.