पिंडाला शिवलेला उंदीर

देवळाली प्रवरा,
गुरुवार, दिवेलागण

तीर्थस्वरूप पुष्पाताईस,
धाकट्या रामहरीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, वाकलो तेवढं गोड मानून घे). गुडघे काय म्हणतात? राजूरच्या गारठ्यात सकाळी उठवतं का? दाजींचा खोकला बसला का? तू धाडलेला तांदूळ पोचला. शिजला की वास शेजारी जातो आणि शेजारी आमच्याकडे येतात. फोनच केला असता, पण फोनवर मी पाऊसपाण्यावरून पुढं सरकत नाही आणि तुझी रेंज ऐन मुद्द्याला जाते, म्हणून कागद. वैजनाथदादाच्या दहाव्याला तू आली नाहीस. आईच्या मातीला दादा तुझ्यासाठी थांबला नाही, ते अकरा वर्षं तुझ्या मनात आहे. "माझ्यापुरता तो आईबरोबरच गेला" म्हणालीस. त्याबद्दलच मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती याच पत्रात सांगणार आहे. पण आधी उंदराचं ऐक.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळे लिंबावर बसून राहिले, मानपानाला अडलेल्या व्याह्यांसारखे. दादाचा सचिन म्हणाला, आईला सांभाळीन. वहिनी म्हणाली, गाय विकणार न्हाई. चुलतभावांनीही जमेल तेवढं कबूल केलं (शुद्धीवर आल्यावर पस्तावले असतील). एकही कावळा हलेना. गुरुजींना अकराला दुसरीकडे जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा मी पुढं झालो, हात जोडले आणि म्हणालो, दादा, ताईला खरं काय ते मी सांगतो. मनातल्या मनात, बरं का! ओठसुद्धा हलवला नाही. आणि शेजारच्या उसातून एक तपकिरी उंदीर निघाला, शंभर माणसांच्या पायांतून सरळ आला, भातावर बसला आणि माझ्याकडे बघत खाऊ लागला. गुरुजींनी दर्भ खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "शिवला." वहिनीनं पाटी पालथी घालून त्याला घरी आणला. तिला नको म्हणायची कुणाची छाती होती?

तेव्हापासून दादाची देखभाल माझ्याकडे आहे. सचिनचे मासे मेल्यापासून काचेची टाकी रिकामीच होती. तिच्यात माती, उसाचं पाचट, वर जाळी, जाळीवर वीट. जनावरांचे डॉक्टर (म्हशीचे आहेत, उंदराचं त्यांनी फुकट सांगितलं) म्हणाले, रानातला आहे, लाड करू नका, हाताळू नका, शेपटी तर धरूच नका. बाजरी, दोनचार शेंगदाणे, बाटलीच्या झाकणात पाणी, दात झिजवायला बाभळीची काडी, दडायला फुटकं मडकं. चहा देऊ नका, असं त्यांना वहिनीला दोनदा सांगावं लागलं. आता हे बघ, दादा शेंगदाण्याची सालं एका ओळीत लावायचा, आठवतं? हाही लावतो. दादा घरात शिरताना दारावर तीनदा बोट वाजवायचा. रोज दिवेलागणीला टाकीच्या काचेवर तीनदा टकटक होते. मांजर त्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन माघारी फिरतं. वहिनी टाकीपुढून डोक्यावर पदर घेऊन जाते आणि जाता जाता दादाला मारायची तेच टोमणे मारते. बोअर कुठं घ्यावा हे उंदराला विचारायला दोघे आले होते, त्यांना मी हाकललं.

मागल्या आठवड्यात बुधवारी दादा बाळंत झाला. सात पिल्लं, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची. सचिन हसून हसून गडाबडा लोळला. वहिनी हसली नाही. "घर भरलेलं पायजे म्हनायचेच ते," एवढंच बोलली आणि रीतसर पाचवी पुजली. डॉक्टर म्हणाले, डोकावू नका, बिथरली की आई पिल्लं खाते. टाकीवर मी कापड टाकलं, बाजरी घालताना दिसेल तेवढंच बघतो. सोमवारी तुला पत्र लिहायला बसलो, उसाच्या तोडणीवर घसरलो आणि कागद फाडला. मंगळवारी सकाळी पिल्लं सहा होती. मंगळवारी तुझी तब्येत विचारून सरळ सही ठोकली, बुधवारी पाच. काल कंबरेचं निमित्त करून कागदच घेतला नाही. आज चार आहेत. डॉक्टर म्हणतात, उंदरांत असं चालतंच. चालत असेल बाबा, पण बाकीच्या उंदरिणी खाताना माझ्याकडे बघत नसतील. ताई, मला फार भीती वाटते गं.

असो, पत्र लांबलं. दाजींना आठवण सांग, नातवंडांना पापे दे आणि गुडघ्यांना ऊब दे.

तुझा भित्रा भाऊ,
रामहरी

ता.क. : सही केली आणि टकटक झाली. म्हणून लिहितो. आई गेली त्या पहाटे दादानं मला सांगितलं होतं, पुष्पीला फोन कर, ती आल्याबिगर उचलायचं नाही. मी आईच्या उशाशी बसलो आणि विसरलो. ऊन वर आल्यावर दादानं विचारलं, तेव्हा घाबरून म्हणालो, केला, ताई म्हणाली थांबू नका. मग गोठ्यामागं जाऊन तुला फोन केला. तू पोचलीस तेव्हा चिता विझत आली होती, आणि तू दादाच्या छातीवर बुक्क्या मारल्यास. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. अकरा वर्षं त्यानं तोंड उघडलं नाही, तुझ्यापाशी नाही आणि माझ्यापाशीही नाही. तू तांदूळ मला धाडत राहिलीस आणि मी खात राहिलो. काय शिव्या घालायच्या त्या इथं येऊन घाल. पण ये.

ता.क. २ : एवढं लिहून बघायला गेलो. जाळी जागेवर, वीट जागेवर, आणि टाकी रिकामी. सगळं पाचट उपसलं. आई नाही, एक पिल्लू नाही. मागं वहिनी उभी होती. तिला मी आजवर यातलं एक अक्षर बोललेलो नाही. ती म्हणाली, "लिवलं का भाऊजी?" मी मान हलवली. "मग बिगीबिगी पेटीत टाका. न्हाईतर ते माघारी यायचे."